तामिळनाडू वगळून

दिवाळीच्या तोंडावर किराणा दुकानात डोकावले तर चहा, साबण, बिस्किटे, वॉशिंग पावडर अशा कितीतरी मालावर कुठली ना कुठली बक्षीस योजना छापलेली दिसते. पुड्याच्या पुढच्या बाजूला ठळक मराठीत 'आतला कोड पाठवा आणि स्कूटर जिंका' आणि शेजारी हसरे कुटुंब. पुडा उलटा केला की घटकपदार्थांच्या यादीखाली, चिकटवलेल्या शिवणीलगत, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत अटी सुरू होतात. किमान वय, शेवटची तारीख, कंपनीच्या कर्मचाऱ्यांना भाग घेता येणार नाही वगैरे. आणि त्यांतच पुष्कळदा एक ओळ असते: ही योजना तामिळनाडू वगळून उर्वरित भारतात लागू. मोबाइलवरून पैसे पाठवल्यावर मिळणाऱ्या स्क्रॅच कार्डांच्या अटींतही ही ओळ सापडते.

ही ओळ आपण इतकी वर्षे वाचत, किंवा न वाचता सोडून देत आलो आहोत. पण ती जिथून आली तिथपर्यंत मागे गेले तर आपल्याच राज्याबद्दल एक गैरसोयीची गोष्ट हाती लागते.

तामिळनाडूत १९७९ साली बक्षीस योजनांना बंदी घालणारा स्वतंत्र कायदा झाला. एम. जी. रामचंद्रन तेव्हा मुख्यमंत्री होते. त्या कायद्यातली व्याख्या मुद्दाम रुंद ठेवलेली आहे. ठरावीक दुकानातून किंवा केंद्रातून माल घेणाऱ्या ग्राहकांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून, सोडत काढून 'किंवा अन्य कोणत्याही रीतीने' निवडायचे आणि त्यांना रोख रक्कम, वस्तू किंवा घर-जमीन बक्षीस द्यायची, अशी कुठलीही योजना तिच्यात येते. नाव काहीही द्या, सोडत संगणकाने काढा की लहान मुलाच्या हाताने, फरक पडत नाही. खरेदी आणि निवड या दोन गोष्टी एकत्र आल्या की योजना बेकायदा. आणि हा कायदा फौजदारी आहे. त्याखाली गुन्हा नोंदवता येतो, शिक्षा होऊ शकते. पुढे २००३ च्या सुरुवातीला जयललिता सरकारने लॉटरीची तिकिटे विकायलाही राज्यात बंदी केली. नशिबाचा खेळ आपल्या लोकांच्या खिशाला परवडणारा नाही, ही त्या राज्याची भूमिका पक्ष बदलले तरी फारशी ढळलेली नाही. महाराष्ट्र १९६९ पासून स्वतःची राज्य लॉटरी चालवतो. दोन राज्यांचे दोन रस्ते आहेत, आणि राज्यघटनेने ती मोकळीक दिली आहे. जुगार आणि पैजा हा सातव्या परिशिष्टाच्या राज्यसूचीतला ३४ वा विषय आहे.

इथवर पाहता असे वाटेल की तामिळनाडूत अशा योजनांना मनाई आहे आणि महाराष्ट्रात परवानगी. कंपन्यांची ती ओळ वाचून आपला समज तसाच होतो. तो चुकीचा आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा संपूर्ण देशाला लागू असलेला केंद्राचा कायदा. त्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. मालाचा खप वाढवण्यासाठी घेतलेली कोणतीही स्पर्धा, लॉटरी, नशिबाचा किंवा कौशल्याचा खेळ त्या यादीत आहे. अपवाद फक्त सरकार नियमांनी ठरवून देईल तेवढ्याच प्रकारांचा. ही तरतूद काही २०१९ ची नवलाई नाही. मक्तेदारीविरोधी जुन्या कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने ती आली आणि तेव्हापासून एका कायद्यातून दुसऱ्यात उतरत गेली. फौजदारी कायदाही गप्प नाही. सरकारी किंवा सरकारने परवानगी दिलेली नसेल अशी लॉटरी चालवणे आणि तिची जाहिरात करणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम २९४-अ खाली गुन्हा होता. आता न्याय संहितेच्या कलम २९७ खाली तो गुन्हा आहे.

मग चहाच्या पुड्यावर एकट्या तामिळनाडूचेच नाव का? उत्तर सरळ आहे. केंद्राच्या ग्राहक कायद्याखाली कुणीतरी तक्रार करावी लागते, ती आयोगापुढे वर्षानुवर्षे चालते, अनुचितपणा पुराव्याने सिद्ध करावा लागतो, आणि तोवर योजना संपून दोन दिवाळ्या उलटलेल्या असतात. तामिळनाडूत मात्र योजना चालू असतानाच पोलीस दारात येऊ शकतात. कंपनीचा विधी विभाग हा हिशेब करतो आणि त्यानुसार नकाशा आखतो. त्या बारीक ओळीतून कुठे काय निषिद्ध आहे हे कळत नाही, कुठे कायद्याची अंमलबजावणी होईल अशी कंपनीला भीती आहे एवढेच कळते. महाराष्ट्राचे नाव त्यात नाही याचा अर्थ महाराष्ट्राने अशा योजनांना संमती दिली असा होत नाही. महाराष्ट्रात कुणी विचारणार नाही, असे गृहीत धरलेले आहे.

एके काळी मुंबई राज्य विचारत होते, आणि फार नेटाने विचारत होते. १९५० च्या सुमारास शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचे पेव फुटले होते. आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या शब्दकोडे स्पर्धा त्यांत सर्वांत गाजलेल्या. 'स्पोर्टिंग स्टार' नावाच्या बेंगळुरूहून निघणाऱ्या साप्ताहिकात कोडे छापले जाई आणि त्याचे हजारो वाचक मुंबई राज्यात असत. मुंबई राज्याने १९४८ मध्येच लॉटरी आणि बक्षीस स्पर्धांवर परवाना आणि कर बसवणारा कायदा केला होता. पण राज्याबाहेर छापल्या आणि प्रसिद्ध केल्या जाणाऱ्या वृत्तपत्रांतल्या स्पर्धा त्यातून सुटत होत्या. म्हैसूर राज्यात छापायचे आणि मुंबईत पैसे गोळा करायचे, ही सोय त्या सवलतीने झाली. १९५२ मध्ये मुंबईने दुरुस्ती करून ती सवलत काढून टाकली. चमारबागवाला न्यायालयात गेले. आमचे कार्यालय म्हैसूर राज्यात, छापखाना तिथला, मुंबईचा कायदा आम्हाला कसा लागू होईल, असा त्यांचा एक मुद्दा होता.

मुंबई उच्च न्यायालयात सरकार हरले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ९ एप्रिल १९५७ रोजी निकाल फिरवला. सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी त्या निकालपत्रात ऋग्वेदापासून मनू-याज्ञवल्क्यांपर्यंत जुगाराविषयीची वचने मांडली आणि जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे, असे ठरवले. तो भाग पुष्कळांना ठाऊक असतो. मला त्याहून मोलाचा वाटतो तो दुसरा भाग. न्यायालयाने विचारले, स्पर्धा प्रत्यक्षात घडते कुठे? वाचक मुंबई राज्यात आहेत, कोड्याचे निमंत्रण त्यांना तिथे मिळते, प्रवेशिका ते तिथे भरतात, पैसे तिथल्या संकलन केंद्रांवर जमा होतात. छापखाना कुठे आहे हे गौण. माणूस जिथे बसून खिशातून पैसे काढतो, त्या राज्याचा कायदा तिथे पोहोचतो.

पुड्यावरची 'तामिळनाडू वगळून' ही ओळ या निकालाची वंशज आहे. कंपनी मुंबईत नोंदलेली असो, सर्व्हर परदेशात असो, बक्षीस नागपूरच्या गोदामातून निघो, ग्राहक मदुराईत असेल तर मदुराईचा कायदा. आज मोबाइलचे ॲप आपण कुठे आहोत हे आधी तपासते आणि मग योजना दाखवते किंवा लपवते, त्याचेही मूळ तेच. तेलंगणाने २०१७ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तर मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फँटसी क्रिकेट हा कौशल्याचा खेळ मानला. परिणामी नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादेत चालणारी स्पर्धा पलीकडे बासरला सरस्वतीच्या दर्शनाला गेलेल्या माणसाच्या फोनवर बंद पडायची. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदीचा कायदा केला आणि हा भेद त्या खेळांपुरता मिटला. मालाच्या खपासाठीच्या बक्षीस योजनांचा प्रश्न तिथेच राहिला.

चमारबागवाला प्रकरण चालू असतानाच संसदेने १९५५ चा बक्षीस स्पर्धा कायदा केला. मुंबईसह काही राज्यांच्या विधिमंडळांनी तशी विनंती करणारे ठराव केले होते. अक्षरे, शब्द, आकडे जुळवायच्या स्पर्धांत महिन्याला एकूण १,००० रुपयांपेक्षा जास्त बक्षीस द्यायचे नाही, आणि प्रवेशिका २,००० च्या वर घ्यायच्या नाहीत, असे त्यात लिहिलेले आहे. ज्या राज्याने हा आग्रह धरला, त्याच्या वारसाकडे आज दुकानातल्या बक्षीस योजनेबद्दल काहीच म्हणणे नसावे, ही मला खरी खटकणारी गोष्ट वाटते.

न्यायालयांनीही मधल्या काळात केंद्रीय तरतुदीची धार कमी केली. हॉर्लिक्सच्या काही बाटल्यांतून बक्षिसाची चिठ्ठी निघे, ते प्रकरण १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. अशी चिठ्ठी निघणे ही नेहमीच्या अर्थाने लॉटरी नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. मग २००७ ची 'कौन बनेगा करोडपती'ची एसएमएस स्पर्धा. घरबसल्या उत्तर पाठवायचे, एका एसएमएसला २ रुपये ४० पैसे, बरोबर उत्तरांतून एकाला दोन लाख. बक्षिसाचा खर्च प्रेक्षकांच्या एसएमएसमधूनच निघतो, असे म्हणून राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वाहिनी आणि दूरसंचार कंपनीला एक कोटींचा दंड केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो रद्द केला, कारण बक्षिसाची रक्कम त्या पैशांतूनच आली याचा पुरावा नव्हता. तो पुरावा ग्राहक आणणार कुठून? हिशेब कंपनीच्या कपाटात असतो.

म्हणूनच एक छोटा हिशेब इथे मांडतो. समजा एका योजनेचे एक कोटी पुडे बाजारात गेले आणि एकूण बक्षिसे ५० लाखांची आहेत. पुड्यामागे ५० पैसे झाले. हा खर्च कंपनी पदरचा करत नाही, तो मालाच्या किमतीत कुठेतरी बसलेला असतो. पुण्यातला ग्राहक ५० पैसे देऊन एक अगदी बारीकशी आशा विकत घेतो. चेन्नईत नोकरीला असलेला मराठी माणूस तोच पुडा त्याच एमआरपीला घेतो, तेच ५० पैसे देतो, आणि त्याला ती आशाही मिळत नाही. तिथल्या सरकारने त्याला नुकसानीपासून वाचवायचे ठरवले होते. कंपनीने पैसे घेऊन बक्षीस मात्र बाजूला काढून ठेवले. कायद्याचा अर्थ पाळायचा असता तर तामिळनाडूत जाणाऱ्या मालावर तेवढ्या किमतीची सरळ सूट दिली असती, किंवा तेवढ्या किमतीचा चहा जास्त भरला असता. खात्रीचा आणि सर्वांना सारखा मिळणारा फायदा त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, कारण त्यात कुणाची निवडच होत नाही. हे अवघड नाही. बक्षिसाने जाहिरात होते आणि पन्नास पैशांच्या सुटीने होत नाही, एवढेच अडते.

कॅनडात असाच प्रकार अनेक दशके चालला. देशभराच्या स्पर्धांवर 'क्यूबेक वगळून' लिहिलेले असे, कारण त्या प्रांतात स्पर्धेची आगाऊ नोंदणी, बक्षिसाच्या प्रमाणात शुल्क आणि फ्रेंच भाषेत नियम अशा अटी होत्या. कंपन्यांना नोंदणीपेक्षा वगळणे स्वस्त पडे. ऑक्टोबर २०२३ मध्ये क्यूबेकने ती नोंदणी आणि शुल्क रद्द केले, फ्रेंचचा आग्रह मात्र सोडला नाही. आमच्या लोकांना आमच्या भाषेत अटी कळल्याच पाहिजेत, ही गोष्ट त्यांनी तडजोडीच्या बाहेर ठेवली. मला ते पटते. तामिळनाडूने आपला कायदा सैल करावा असे मी म्हणणार नाही, तो त्या राज्याचा अधिकार आहे आणि त्यामागचा हेतू प्रामाणिक आहे. पण महाराष्ट्राने निदान क्यूबेकइतके तरी करावे.

त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. जाहिरातीतला दावा ज्या भाषेत असेल त्याच भाषेत त्याच्या अटी छापल्या पाहिजेत, अक्षराचा ठसाही तोच हवा, आणि अटी ठळकपणे दिसतील अशा जागी हव्यात, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. फसव्या जाहिरातीसाठी प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाख आणि पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. पुढे मराठीत स्कूटर आणि मागे इंग्रजीत 'अमुक राज्यात लागू नाही, कंपनी केव्हाही योजना मागे घेऊ शकते' असे छापणारा प्रत्येक पुडा त्या तत्त्वांच्या विरुद्ध जातो. सातारच्या बाजारात दुकानदार कुपन कात्रीने कापून गिऱ्हाइकाला देतो, तेव्हा मागच्या इंग्रजी अटी तोही वाचत नाही आणि गिऱ्हाईकही वाचत नाही. दोघांनाही त्यातले काही कळावे अशी सोयच केलेली नाही.

दुसरी गोष्ट निकालाची. त्याच २०१९ च्या कायद्यानुसार बक्षीस योजना संपल्यावर तिचा अंतिम निकाल भाग घेणाऱ्यांपासून दडवून ठेवणे हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. योजनेची जाहिरात ज्या वृत्तपत्रात आली, त्याच वृत्तपत्रात वाजवी मुदतीत निकाल ठळकपणे छापला तर तो कळवला असे मानले जाते. योजनेची पानभर जाहिरात आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. निकालाची जाहिरात पाहिल्याचे कुणाला आठवते? विजेत्यांची यादी असली तर कंपनीच्या वेबसाइटच्या तळाशी, तीही काही आठवड्यांपुरती. वृत्तपत्रांचाही यात वाटा आहे. ज्या पानावर योजना छापली त्या पानावर निकाल छापून घेण्याचा आग्रह जाहिरात घेतानाच धरता येतो, आणि तो आपल्या व्यवसायाने धरायला हवा.

बक्षिसाचा निकाल असा अंधारात राहिला की ठकांचे फावते. 'तुम्हाला पंचवीस लाखांची लॉटरी लागली, आधी कर भरा' हा निरोप खरा वाटतो, कारण खऱ्या योजनेत कोण जिंकले, कसे जिंकले, करकपात कशी झाली हे कुणी कधी सांगितलेलेच नसते. लॉटरी-स्पर्धांच्या बक्षिसावर ३० टक्के आयकर लागतो आणि रोख बक्षिसातून तो देणाराच कापून घेतो, ही साधी माहिती पुड्यावर मराठीत असती तर फोनवरून करापोटी पैसे मागणारा माणूस खोटा आहे हे कितीतरी घरांत लगेच कळले असते.

तेव्हा मागणी मोजकी आहे. राज्याच्या अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभागाने यंदाच्या सणासुदीत बाजारातले असे पुडे उचलावेत, आणि ज्यांच्या अटी मराठीत नाहीत त्यांची यादी करून ती केंद्रीय प्राधिकरणाकडे पाठवावी. कोणते राज्य वगळले आहे ते पुढच्या बाजूला बक्षिसाच्या चित्राशेजारी छापायला लावावे, एकूण पुडे किती आणि बक्षिसे किती हेही त्याच्या खाली. ग्राहकानेही हातातल्या पुड्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. आणि चेन्नई, कोइंबतूर, होसूरला राहणाऱ्या मराठी मंडळींनी त्याच तक्रारीत आणखी एक प्रश्न जोडावा: बक्षीस आम्हाला लागू नाही, तर त्याचा खर्च आमच्या एमआरपीत का?